मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर वीस मिनिटे

प्रत्येक गावात एक तरी जागा अशी असते, की तिथे उभे राहिले असता रोजच्या धकाधकीतले आपले गावच निराळे दिसू लागते. पुणेकरांना ती पर्वतीच्या माथ्यावर सापडते, कोल्हापूरकरांना रंकाळ्याच्या काठावर, नागपूरकरांना फुटाळ्याच्या बांधावर. अशा जागी आपण पाहुण्यांना हौसेने घेऊन जातो; स्वतःसाठी मात्र क्वचितच जातो. ‘रोजचेच तर आहे, केव्हाही जाता येईल’ असे म्हणता म्हणता वर्षे उलटतात. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, घरात कुणाचे तरी आजारपण येते, आणि दहा मिनिटांवरची ती जागा दुसऱ्या गावाइतकी लांब जाते.

माझा दवाखाना गिरगावात आहे. सकाळचे रुग्ण तपासून झाले की दुपारी घरी झोपून असलेल्या रुग्णांच्या भेटी असतात आणि सहा वाजता दवाखाना पुन्हा उघडायचा असतो. या दोन कामांच्या मध्ये जी वीस-पंचवीस मिनिटे हाती लागतात, ती मी बहुतेक दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घालवतो. या जागेविषयी, आणि दिवसभराच्या कामात अशी एखादी जागा राखून ठेवणे आपल्या प्रकृतीला का मानवते याविषयी, आज आपल्याशी बोलायचे आहे. विशेषतः घरातील ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

समुद्रातून उभा राहिलेला रस्ता

आज जिथे आपण चालतो तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाणी होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॅकबेच्या उथळ समुद्रात भराव घालून हा किनारा तयार करण्यात आला. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटरची ही कमान आहे. कागदोपत्री तिचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र मरीन ड्राइव्हच. रात्री दिवे लागल्यावर मलबार हिलवरून ही कमान गळ्यातल्या हारासारखी दिसते, म्हणून तिला राणीचा रत्नहार म्हणू लागले.

आजूबाजूची नावेही जुन्या गोष्टी सांगतात. मरीन लाइन्स हे नाव तिथे एके काळी असलेल्या मरीन बटालियनच्या छावणीवरून आले. चर्नी रोड म्हणजे चरणीचा रस्ता. गुरे चारण्यावर इंग्रज सरकारने कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळ स्वतः जमीन घेऊन ती गुरांना मोकळी करून दिली, असे सांगतात. चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले; तिथे आज त्यांचा पुतळा उभा आहे. गिरगावातल्या जुन्या घरांत अजूनही कुणीतरी सांगते, की आमचे आजोबा त्या दिवशी पावसात भिजत त्या गर्दीत उभे होते.

दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत निघालात तर डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला रस्त्यापलीकडे इमारतींची रांग लागते. गोलाकार सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे काढलेले आडवे छज्जे, बोटीच्या कठड्याची आठवण करून देणारे लोखंडी गज अशी त्यांची घडण आहे. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. येथील आणि ओव्हल मैदानाजवळील या शैलीच्या इमारती, मैदानापलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पुढे जिमखान्यांची मैदाने लागतात. मरीन लाइन्स आणि चर्नी रोड या स्थानकांमध्ये लोकलच्या पश्चिमेकडील खिडकीतून या मैदानांपलीकडे क्षणभर समुद्र चमकून जातो. गर्दीत उभे असलेले कितीतरी प्रवासी तेवढ्यापुरती मान वळवतात. दिवसातले तेवढेच त्यांचे समुद्रदर्शन.

एकच देखावा, चार रूपे

रोज तेच काय पाहायचे, असे कुणी विचारील. पण हा देखावा दोन दिवस सारखा नसतो. सकाळी सूर्य इमारतींच्या पाठीमागून वर येतो, म्हणून फरसबंद पदपथावर उजेड भरपूर असतो आणि ऊन मात्र उशिरा येते. ज्येष्ठांसाठी ही उत्तम वेळ. दुपारी पाणी इतके चकाकते, की डोळे मिटावेसे वाटतात. तिसऱ्या प्रहरी समुद्रावरून वारा सुटलेला असतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. संध्याकाळी सूर्य कुठे मावळतो, हेही ऋतूप्रमाणे बदलते. मरीन लाइन्सच्या समोर बसलात तर हिवाळ्यात तो उघड्या समुद्रात बुडताना दिसतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून मलबार हिलच्या झाडीमागे जातो. वर्षभर एकाच जागी बसणाऱ्याला सूर्याचे हे हळूहळू सरकणे डोळ्यांनी दिसते.

आणि भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तेथून साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे हा साधा गुणाकार अंदाजापुरता बरोबर येतो. अमावास्या-पौर्णिमेची ती उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची. घरात पंचांग असलेल्या ज्येष्ठांनी हा खेळ जरूर करून पाहावा. सकाळी तिथी पाहायची, वेळ काढायची आणि संध्याकाळी समुद्राने आपले गणित तपासून द्यायचे! बुद्धीला व्यायाम हवा म्हणून शब्दकोडी सोडवता, तसाच हाही एक व्यायाम.

दूर पाहिल्याने शरीरात काय घडते?

आता थोडे वैद्यकशास्त्र. आपण पुस्तक, मोबाइल किंवा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे पाहतो, तेव्हा डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो. सहा मीटर किंवा त्याहून दूरची वस्तू पाहताना तो सैल पडतो. दिवसभर चार भिंतींत जवळचेच पाहणाऱ्याच्या या स्नायूला विश्रांती अशी मिळतच नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्याही कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. क्षितिजाकडे पाहिल्याने चश्मा जात नाही, मोतीबिंदू विरत नाही, हे स्पष्ट सांगतो. डोळ्यांचा शीण मात्र कमी होतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या मेंदूत झोप-जागेपणाचे एक घड्याळ असते आणि ते रोज डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून आपली वेळ लावून घेते. घरातील दिव्याचा उजेड काहीशे लक्स असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारोंच्या घरात असतो. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि आत पोहोचणारा उजेड आणखी घटतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्या आजी दुपारी पेंगतात आणि रात्री दोन वाजता ‘उजाडले का?’ म्हणून विचारतात, त्यामागे पुष्कळदा हेही एक कारण असते. झोपेची गोळी मागण्यापूर्वी सकाळचा अर्धा तास उजेड देऊन पाहावा, असे मी घरच्यांना नेहमी सांगतो.

तिसरी गोष्ट मनाची. रुग्णाला अंथरुणातून खिडकीबाहेरचे दिसले पाहिजे, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या आपल्या पुस्तकात धरला होता. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची त्यांनी तुलना केली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. अभ्यास लहान होता आणि तो समुद्राविषयी नव्हता, म्हणून त्यावर मोठा इमला चढवू नये. तरी डोळ्यांसमोर काय आहे याचा शरीराशी संबंध आहे, एवढे त्यातून नक्की समजते.

माझा अनुभव याला जुळणारा आहे. घरभेटींमध्ये एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जाताना आदल्या रुग्णाची चिंता पुढच्या घरात माझ्याबरोबर शिरते. कठड्यावर वीस मिनिटे बसल्यावर ती चिंता नाहीशी होत नाही. ती आपल्या जागी बसते. संध्याकाळी पहिला रुग्ण समोर येतो तेव्हा मी त्याचेच ऐकत असतो.

शुश्रूषा करणाऱ्याची वीस मिनिटे

या लेखाचा खरा विषय इथून सुरू होतो. आजारी माणसाची चौकशी सगळे करतात. त्याच्या उशाशी बसणाऱ्याची कोण करतो?

गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध जोडपे राहत असे. काकांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत मात्र सगळे होते. काकूंचे वय अडुसष्ट. भरवणे, पुसणे, कूस बदलणे, रात्रीतून तीनदा उठणे हे सारे त्यांच्या एकटीवर. मुलगा परगावी, सून नोकरीवर. एके दिवशी काकांना तपासून झाल्यावर मी काकूंचाही रक्तदाब पाहिला, तो बराच वाढलेला होता. गोळी चालू होती, पण काकांची औषधे घड्याळ लावून देणाऱ्या काकू स्वतःची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा विसरत होत्या. खाली कधी उतरला होतात, असे विचारले, तर त्यांना आठवेना. किराणा वर येत होता, दूध वर येत होते. समुद्र दहा मिनिटांवर होता आणि तो त्यांनी वर्षभर पाहिला नव्हता.

“काकू, रोज संध्याकाळी वीस मिनिटे समुद्रावर जाऊन बसायचे,” मी म्हणालो.

“ह्यांना असे टाकून मी हवा खायला जाऊ, डॉक्टर? चाळीतले काय म्हणतील?”

“चाळीतल्यांना सांगा, डॉक्टरांनी लिहून दिले आहे.” आणि रक्तदाबाच्या गोळीखाली कागदावर मी खरोखरच तसे लिहिले : संध्याकाळी, समुद्र, वीस मिनिटे.

शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तेवढा वेळ पुस्तक घेऊन काकांजवळ बसायला आनंदाने तयार झाली. तिला कुणी विचारलेच नव्हते, एवढेच. पहिले चार दिवस काकू कठड्यावर बसून घड्याळच पाहत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी समुद्र पाहिला.

पुढे जे घडले त्याची कल्पना मलाही नव्हती. काकू मला म्हणाल्या, “इतके दिवस ह्यांच्याशी बोलायला काही नव्हतेच. गोळी घेतलीत का, चादर बदलू का, दुखतेय का. आता सांगायला रोज काहीतरी असते.” पाणी कुठवर आले होते, लांबवर किती बोटी दिसल्या, चौपाटीवर कुणाच्या मुलाचा फुगा उडाला. काका रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर वाढलेले. एका सायंकाळी काकूंनी सहज म्हटले, “आज षष्ठी.” काकांनी डावा हात वर केला, चार बोटे उभी केली आणि पाचवे अर्धे दुमडले. काकूंना क्षणभर उमगले नाही. मग लक्षात आले : सहाची पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला. शब्द हरवले होते; लहानपणी आजोबांनी शिकवलेला हिशेब शाबूत होता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी काकू तिथी सांगत आणि काका बोटांवर वेळ दाखवत. पाचच्या पुढची वेळ एका हातावर दाखवणे अवघड, तेव्हा ते मूठ मिटून पुन्हा उघडत.

समुद्र पाहून रक्तदाब बरा होतो, असा निष्कर्ष आपण काढू नये. काकूंचा रक्तदाब गोळीनेच आटोक्यात आला. फरक एवढाच, की वीस मिनिटे स्वतःसाठी काढणाऱ्या बाईला स्वतःची गोळीही आठवू लागली. काका पुढे दीड-दोन वर्षे होते. तो अरुंद लाकडी जिना उतरून त्यांना समुद्रावर नेणे काही जमले नाही. ते गेल्यानंतरही काकू कठड्यावर येतात. आता कुणासाठी जाता, असे कुणी विचारले, तर “माझ्यासाठी” एवढेच म्हणतात.

हे उत्तर मिळायला त्यांना इतकी वर्षे लागली. आपल्याला लागू नयेत. रुग्णाला क्षणभर दुसऱ्याच्या हाती सोपवून बाहेर पडणे म्हणजे कर्तव्यात कसूर, अशी समजूत आपल्या घराघरांत, विशेषतः बायकांच्या मनात घट्ट बसलेली आहे. खरे पाहता थकलेला हातच औषधाची मात्रा चुकवतो, थकलेल्या तोंडूनच कठोर शब्द निघतो. आपल्याला सतत चिडचिड होत असेल, झोप लागत नसेल, पाठ-कंबर धरली असेल, स्वतःची औषधे आणि तपासण्या लांबणीवर पडत असतील, तर ही खूण ओळखा. आणि मनाची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, जगणे नकोसे वाटू लागले, तर देखाव्यावर विसंबू नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट शब्दांत सांगा. त्यावर उपचार आहेत.

घरातल्या इतरांनाही एक विनंती. “काही लागले तर सांग” असे शुश्रूषा करणाऱ्याला म्हणू नका. तो सांगत नाही. “मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच ते सहा मी बसेन” असे सांगा.

ज्येष्ठांना बरोबर नेताना

मरीन ड्राइव्हची मोठी सोय अशी, की पदपथ रुंद आणि सपाट आहे. चढ नाही, पायऱ्या नाहीत. चाकाची खुर्ची सहज चालते. मात्र स्थानकाकडून येताना पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या झेपत नसतील तर टॅक्सीने थेट समुद्राच्या बाजूच्या पदपथाशी उतरावे. रस्ता रुंद आहे आणि गाड्या वेगाने येतात, म्हणून तो सिग्नलवरच, हात धरून ओलांडावा.

कठड्याला पाठ टेकायला जागा नाही, हे लक्षात ठेवावे. तरुणांप्रमाणे पाय समुद्राकडे सोडून बसण्याचा मोह ज्येष्ठांनी टाळावा. पाय पदपथावर टेकवून थोडे तिरके बसावे आणि शेजारी कुणीतरी असावे. उठताना एकदम उठू नये. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. आधी पाय हलवावेत, मग उभे राहावे, मिनिटभर थांबून मग चालावे. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल असावी आणि काठीच्या टोकाचे रबर झिजलेले नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. खुर्ची थांबवली, की दोन्ही ब्रेक लावल्याशिवाय हात सोडू नये.

बाहेर न पडण्याचे एक कारण ज्येष्ठ सहसा बोलून दाखवत नाहीत, ते म्हणजे लघवीची भीती. लघवी वाढवणारी गोळी घेत असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नये. बाहेर जायच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. जवळचे स्वच्छतागृह कुठे आहे, हे बरोबरच्याने आधीच पाहून ठेवावे. मधुमेहींनी खडीसाखर किंवा बिस्किटे जवळ बाळगावीत. हृदयविकार असणाऱ्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी खिशातच ठेवावी, घरातल्या कपाटात नव्हे. नारळपाणी सर्वांनाच मानवते असे नाही. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम कमी करायला सांगितले असेल तर ते घेऊ नये. भेळेतील मीठ रक्तदाबवाल्यांनी आठवावे. दोन घास खाल्ल्याने मात्र आकाश कोसळत नाही. नातवाच्या पुडीतले चार दाणे खाणाऱ्या आजोबांना तिथे, चारचौघांत, कुणी रागावू नये.

दोन वेळा टाळाव्यात. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला लाटा कठडा ओलांडून पदपथावर आपटतात. तो देखावा दूरचित्रवाणीवर पाहावा. आणि हिवाळ्यात ज्या दिवशी मलबार हिल धुरकटात दिसेनासे होते, त्या दिवशी दमा आणि श्वासाचे जुने विकार असणाऱ्यांनी घरीच थांबावे. मावळत्या सूर्याकडेही टक लावून पाहू नये. नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी गडद चश्मा घालावा.

फार चालवत नसेल तर मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानापर्यंत गाडीने जाता येते. तेथून या साऱ्या कमानीचा देखावा एका दृष्टिक्षेपात दिसतो. लहानपणी सहलीला येऊन म्हातारीच्या बुटात शिरलेली मुले आज स्वतःच आजी-आजोबा झाली आहेत. त्यांना एकदा तिथे न्याच. काही पाहायचे ठरवून नेऊ नका, नुसते बसू द्या. बोलणे आपोआप निघते.

ज्यांना जाता येत नाही

हे वाचून काहींच्या मनात येईल, की आमचे माणूस खाटेवरून उठतच नाही, त्याला कुठला समुद्र? त्यांच्यासाठी खिडकी आहे. घरभेटींत मी पाहतो, की रुग्णाची खाट बहुधा भिंतीकडे तोंड करून लावलेली असते आणि खिडकी त्याच्या डोक्यामागे असते. खाट फिरवा. उशीकडची बाजू थोडी उंच करा. निजलेल्या माणसाला खिडकीतून काय दिसते, ते पाहायला स्वतः एकदा त्या खाटेवर आडवे व्हा. मग लक्षात येईल, की वाळत घातलेल्या कपड्यांखेरीज त्याला काहीच दिसत नाही. दोरी थोडी बाजूला सरकवा. चश्म्याच्या काचा रोज पुसा. महिनोन्‌महिने धूसर काचांतून पाहणारे कितीतरी ज्येष्ठ मला भेटतात आणि नजर कमी झाली म्हणून खंत करतात. दिवसा पडदे उघडे असू द्या. गॅलरीपर्यंत नेता येत असेल तर सकाळचा चहा तिथेच होऊ द्या. समोर झाड असो, रस्ता असो, शाळेचे पटांगण असो. जिथे काहीतरी हलते, बदलते, तेच पाहण्याजोगे. आणि हेही शक्य नसेल, तर घरातल्या कुणीतरी बाहेर जाऊन यावे आणि काय पाहिले ते त्यांना सविस्तर सांगावे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला समुद्रही उपयोगी पडतो.

वाचकहो, आपण मुंबईत राहत असाल तर मरीन ड्राइव्ह आहेच. नसाल तर आपल्या गावातली टेकडी, घाट, तळे, पूल किंवा गच्ची आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तिथे जायला रविवारची वाट पाहू नका. कामाच्या दिवशीच, दोन कामांच्या मध्ये वीस मिनिटे काढा. जाताना मोबाइल खिशात राहू द्या आणि आपल्या माणसाजवळ कोण बसणार, हे आदल्या दिवशीच ठरवून टाका. परत आल्यावर काय पाहिले ते त्याला सांगायला विसरू नका. तो त्याचीच वाट पाहत असेल.